पुण्यात पहिली शॉर्टफिल्म करताय? सेटवर जायच्या आधी हे ठरवून ठेवा

पहिल्यांदा दिग्दर्शन करणाऱ्याला वाटतं, खरं काम 'अ‍ॅक्शन' म्हटल्यावर सुरू होतं. पण सेटवर पंधरा माणसं ताटकळत उभी राहतात ती जवळजवळ नेहमी एकाच कारणाने. घरी शांतपणे घेता आला असता असा एखादा निर्णय दिग्दर्शक तिथे उभ्या उभ्या घेत असतो. हा लेख त्या निर्णयांबद्दल आहे. आठ ते बारा मिनिटांची शॉर्टफिल्म, दोन-तीन दिवसांचं शूटिंग, दहा-बारा जणांचं युनिट आणि खिशातले किंवा मित्रांकडून जमवलेले पैसे असं गृहीत धरलं आहे.

१. संहिता मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशोब सगळीकडे सांगितला जातो. देवनागरीत मात्र टाइप आणि मांडणीप्रमाणे तो बराच हलतो, म्हणून पानं मोजू नका. दोन मित्रांना संवाद वाचायला बसवा, हालचाली तुम्ही मनात करा आणि प्रत्येक सीनची वेळ संहितेच्या समासात लिहा. 'ती जिना चढून वर येते' ही ओळ वाचायला दोन सेकंद लागतात, वाड्याचा जिना चढायला वीस.

कथा दुसऱ्या कुणाची असेल तर इथेच थांबा आणि लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात आणि ती वर्षं निधनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. 'फोनवर हो म्हणाले होते' याला कागदावर किंमत नाही. स्वतःची संहिता असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवून ठेवा.

२. प्रत्येक सीनला एकच प्रश्न विचारा: इथे काय बदलतं?

माझ्या मते दिग्दर्शनातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच टाळतात. सीनच्या सुरुवातीला एका माणसाला जे वाटत असतं ते शेवटी तसंच राहिलं, तर तो सीन एडिटला उडणार. मग तो शूट तरी कशाला करायचा?

एक सीन उदाहरणादाखल घेऊ. सदाशिव पेठेतल्या वाड्यातलं स्वयंपाकघर. मुलगा बिल्डरचा करारनामा घेऊन आलाय, त्याला आईची सही हवी आहे. आई चहा टाकते, इकडचं-तिकडचं बोलते. मुलगा पेन पुढे करतो. आई पेन घेते, वळते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजचं दूध मांडते. पेन परत देते.

इथे बदलतं काय? सुरुवातीला मुलगा धरून चाललाय की सही होणार. शेवटी त्याला कळलंय की होणार नाही. हे वाक्य सापडलं की पुढचं बरंच आपोआप ठरतं. वळण पेनावर आहे, म्हणून पेनाचा शॉट लागणारच. कळतं ते मुलाला, म्हणून शेवटचा चेहरा त्याचा. कॅलेंडर आधीपासून फ्रेममध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर ते ऐनवेळी आणून टांगल्यासारखं वाटेल. आणि त्यावर आधीच्या तारखांचं दूध मांडलेलं हवं. हे आर्टवाल्याला आठवडाभर आधी सांगावं लागतं, कारण त्या महिन्याचं वापरलेलं कॅलेंडर दुकानात मिळत नाही.

प्रत्येक सीनसाठी असं एक वाक्य लिहा. ज्या सीनचं वाक्य लिहिताच येत नाही, तो दुसऱ्या सीनमध्ये मिसळा किंवा काढून टाका.

३. जागा बघायला डोळ्यांइतकेच कान घेऊन जा

रेकीला दिग्दर्शक आणि कॅमेरामन जातात, साउंड रेकॉर्डिस्टला कुणी नेत नाही. ही चूक करू नका. ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा, दहा मिनिटं कुणी बोलू नका आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मग घरी हेडफोन लावून ऐका. शेजारचं देऊळ, शाळेची मधली सुट्टी, पार्किंगमधली रिव्हर्सची पिपाणी, वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर असं सगळं त्यात सापडतं.

पुण्याच्या स्वतःच्या काही अडचणी आहेत:

- गणपतीच्या आधीचे साधारण दोन महिने संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीपात्राच्या आसपास संवादाचा सीन असेल तर सकाळी उरका. मग मांडव उभे राहतात, पेठांतले रस्ते अरुंद होतात आणि व्हॅन आत येत नाही.
- देखभालीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचं असेल तर बऱ्याचदा गुरुवार निवडला जातो. गुरुवारी शूट ठेवण्याआधी त्या भागात चौकशी करा.
- लोहगाव हवाई दलाचा तळ आहे. विमाननगर, येरवडा, वडगाव शेरी या बाजूला विमानांमुळे टेक थांबवावा लागतो. त्या भागात दर तासाला दहा मिनिटं जास्तीची धरा.
- पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली संवाद घेऊ नका. बाहेर भुरभुर असली तरी आत ताशा वाजतो.

प्रकाशाचंही वेळेवर बघा. पेठांतल्या बोळात आणि वाड्याच्या चौकात थेट ऊन दुपारच्या आसपास थोडाच वेळ उतरतं. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्याच्या शेवटी सहा ते सात. म्हणजे दिवसाउजेडाचे जवळजवळ दोन तास कमी-जास्त होतात. वेळापत्रक करताना हे लक्षात ठेवा.

शेवटी मीटरची पेटी उघडून बघा. १५ अँपिअरच्या पॉइंटवर हिशोबाने सुमारे ३४०० वॅट चालतात, छोट्या ५ अँपिअरच्या पॉइंटवर सुमारे ११००. पण जुन्या वाड्यातलं वायरिंग हा हिशोब पाळत नाही. तिथे हॅलोजन टाळा, एलईडी आणा आणि लाइट वेगवेगळ्या खोल्यांतल्या पॉइंटवर वाटून लावा. गिझर आणि इस्त्री त्या दिवशी बंद.

४. परवानग्या: आधी विचारा, जागा कुणाची?

पुण्यात गोंधळ होतो तो जागेच्या मालकीवरून. कॅम्पातला रस्ता पुणे महापालिकेचा नाही, तो कॅन्टोन्मेंट बोर्डाचा. खडकी आणि देहूरोडला वेगळी बोर्डं आहेत, पिंपरी-चिंचवडला वेगळी महापालिका. शनिवारवाडा, पाताळेश्वर आणि आगाखान पॅलेस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे येतात. पर्वतीची देवळं देवदेवेश्वर संस्थानकडे. तळजईलगतचं पाचगाव-पर्वतीचं जंगल वनखात्याकडे. रेल्वे स्टेशनची परवानगी रेल्वेच देते. लष्करी हद्दीजवळ कॅमेरा काढूच नका, आणि ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी सरकारी नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते बघा. लोहगाव आणि लष्करी भागांमुळे शहराच्या मोठ्या पट्ट्यावर निर्बंध आहेत.

सार्वजनिक जागेसाठी जागेच्या मालक-संस्थेची परवानगी आणि स्थानिक पोलीस ठाण्याची नाहरकत, दोन्ही लागतात. रहदारी अडणार असेल तर वाहतूक शाखाही. किमान तीन आठवडे आधी अर्ज करा.

वाड्यात शूट करणाऱ्यांनी खास लक्ष द्या. मालकाचं संमतीपत्र घेतलं आणि भाडेकरूंना विचारलं नाही, तर दुपारी बाराला कुणीतरी चौकात येऊन काम थांबवतं, आणि त्यांचा हक्कही असतो. चौक, जिना, नळ सामाईक असतो. सगळ्या बिऱ्हाडांना आदल्या आठवड्यात स्वतः भेटा. वेळ सांगा, आणि सांगितलेल्या वेळेला निघा.

फाइलमध्ये हे कागद हवेत:

- जागामालकाचं संमतीपत्र (तारीख, वेळ आणि कोणकोणत्या खोल्या वापरणार ते लिहून), सोसायटी असेल तर तिचंही पत्र
- प्रत्येक कलाकाराचं सही केलेलं संमतीपत्र, मानधन शून्य असलं तरी
- लेखक, संगीतकार आणि कॅमेरामन यांच्याशी हक्कांबद्दलचा एक-एक पानी करार
- परवानग्यांच्या मूळ प्रती, आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स सेटवर
- भाड्याच्या सामानाची यादी, नगांसह

चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल तर नियम कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मानधनातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. मुलाचा सीन सकाळी ठेवा, जेवणानंतर मूल थकलेलंच असतं. प्राणी असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची प्रक्रिया आहे आणि ती वेळ खाते. कुत्र्यावाचून सीन होत असेल तर त्याला संहितेतच रजा द्या.

५. शॉट लिस्ट करा आणि तिला घड्याळ लावा

बारा तासांच्या शिफ्टमधले पहिला शॉट लागेपर्यंतचे दीड-दोन तास आणि जेवण-चहाचा दीड तास वजा करा. उरले साडेआठ-नऊ. लाइट बदलावा लागणारा प्रत्येक नवा सेटअप (कॅमेरा आणि लाइटची एक मांडणी), टेक धरून, पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटं खातो. म्हणजे दिवसाला बारा ते चौदा सेटअप. तुमच्या यादीत बावीस असतील तर आठ कुठले जाणार ते घरी ठरवा. सेटवर संध्याकाळी सहाला ठरवलं तर जातात ते नेहमी सगळ्यात गरजेचे, कारण ते शेवटी ठेवलेले असतात.

स्वयंपाकघराच्या सीनची यादी अशी होईल:

अ) दारातून मास्टर (सगळा सीन दिसेल असा रुंद शॉट), दोघंही आणि भिंतीवर कॅलेंडर
आ) ओट्याच्या बाजूने आईचा मिड (कमरेपासून वर)
इ) आईच्या खांद्यावरून मुलाचा सजेशन (पुढे खांद्याची कड, समोर मुलगा)
ई) पेन हातात घेताना आईचा क्लोज (चेहरा जवळून)
उ) कॅलेंडर आणि हात, इन्सर्ट (एका वस्तूचा किंवा हालचालीचा जवळून शॉट)
ऊ) मुलाचा क्लोज, शेवट

शूट मात्र या क्रमाने करायचं नाही. खिडकीच्या दिशेचे सगळे शॉट आधी, मग लाइट फिरवून उलट दिशेचे. अ, आ, ई एकत्र, मग इ आणि ऊ, शेवटी इन्सर्ट. इन्सर्टला कलाकार नसले तरी चालतं, फक्त हात त्याच बांगड्यांचा हवा.

सीनचा वरून दिसणारा नकाशा काढा. ओटा, दार, खिडकी, दोन माणसं, कॅमेरे. दोन माणसांना जोडणारी रेघ ओढा आणि सगळे कॅमेरे रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. ती ओलांडली की एडिटला दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि ते एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. आमच्या सीनमध्ये फसायची जागा म्हणजे आई कॅलेंडरकडे वळते तो क्षण. तिथे रेघही वळते. म्हणून ती वळताना मास्टरमध्ये दिसली पाहिजे, मग पुढचे शॉट प्रेक्षकाला समजतात.

६. कलाकारांना भावना सांगू नका, काम सांगा

पुण्यात नट मिळणं अवघड नाही. प्रायोगिक नाटकं करणारे गट आहेत, पुरुषोत्तम आणि फिरोदिया या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून आलेली मुलं-मुली आहेत. पण पुरुषोत्तमच्या मोसमात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, त्यांच्या तारखा मागू नका. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात आणि सकाळी सातच्या कॉलला आवाज बसलेला असतो.

रंगमंचावरच्या नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असते. 'अभिनय कमी कर' असं म्हटलं की तो घाबरून गोठतो. त्यापेक्षा समोरच्या नटाला दोन पावलं जवळ उभं करा आणि 'त्यालाच ऐकू जाईल इतकंच बोल' म्हणा. आवाज खाली आला की चेहराही आपोआप शांत होतो.

सूचना क्रियापदात द्या. आईचं काम करणाऱ्या बाईंना 'तुम्हाला खूप वाईट वाटतंय' असं सांगितलं तर त्या वाईट वाटण्याचा अभिनय करतील. 'चहा उतू जाणार नाही याकडे लक्ष द्या, आणि त्याला तो विषय काढू देऊ नका' असं सांगा. मुलाला सांगा, 'चहा व्हायच्या आत सही घ्यायची आहे.' दोघांना वेगवेगळं, कानात. पुढच्या टेकला एकच गोष्ट बदला. एका दमात चार सूचना दिल्या तर एकही पोहोचत नाही. वाक्य स्वतः म्हणून दाखवणं टाळा, नट तुमचा सूर पकडतो आणि स्वतःचा घालवतो.

ज्या नटावर सीनचा भार आहे त्याचा क्लोज चौथ्या तासावर ढकलू नका. मास्टर झाला की लगेच घ्या, लाइटचा क्रम थोडा मोडला तरी चालेल.

७. कॅमेऱ्याची एक आणि आवाजाच्या काही गोष्टी

पुढेमागे थिएटरात दाखवायची असेल तर सेकंदाला २४ फ्रेमवर शूट करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० ठेवा. कॅमेऱ्यात शटर अंशांत असेल तर १७२.८ अंश. १/६० ठेवलंत तर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लुकलुकतात, आणि ते नंतर नीट काढता येत नाही.

आवाजाला जास्त जागा देतोय, कारण पहिल्या फिल्म चित्रापेक्षा आवाजानेच जास्त पडतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बूम (काठीवरचा माइक) फ्रेमच्या काठाला अगदी चिकटून, वरून, तोंडाच्या दिशेने. लेपल (कपड्यावर लावायचा छोटा माइक) लावणार असाल तर खळ केलेल्या सुती साडीचा सळसळाट आधी ऐकून बघा, धुवून मऊ झालेली साडी निवडा. सीन स्वयंपाकघरात असेल तर फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसरणार नाही. संवादाच्या वेळी गॅस बंदच. चहाच्या उकळीचा आवाज वेगळा घ्या, वाफ दिसायला आधी उकळलेला चहा ओता. जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट रूम टोन, म्हणजे त्या जागेचा नुसता आवाज, घ्या. त्याशिवाय एडिटला दोन वाक्यांमध्ये भोक पडल्यासारखं ऐकू येतं.

८. शूटिंगच्या दिवशी

असोसिएट दिग्दर्शकाला घड्याळ द्या आणि त्याचं ऐका. कंटिन्यूइटीसाठी, म्हणजे शॉटाशॉटात सगळं जुळतंय का ते बघायला, स्वतंत्र माणूस ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. कपात चहा किती, पदर कुठल्या खांद्यावर, पेन कुठल्या हातात, करारनाम्याचं कितवं पान उघडं, याचे प्रत्येक टेकनंतर फोटो. टेकच्या वहीत ओके, होल्ड (राखून ठेवलेला), एनजी (नो गुड, म्हणजे बाद) आणि एका शब्दात कारण. 'एनजी' एवढंच लिहिलं तर एडिटरला कळत नाही की खराब आवाज होता की चेहरा, आणि कधीकधी त्या एनजीतला चेहराच कामाला येतो.

जेवण वेळेवर आणि गरम. मित्र फुकट आलेत म्हणून वडापाववर दिवस काढू नका, तिसऱ्या तासाला फोकस जायला लागतो. येण्या-जाण्याचा खर्च त्याच दिवशी हातात द्या, आणि रात्री उशीर झाला तर प्रत्येक जण घरी कसा पोहोचतोय ते विचारल्याशिवाय पॅक अप करू नका.

९. डेटा

कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर रेकॉर्ड करत असेल तर तासाला ४५ जीबी, ४०० वर १८० जीबी. त्या हिशोबाने हार्ड डिस्क आणा. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या डिस्कवर तरी, आणि एक प्रत दुसऱ्याच्या घरी. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत ठेवून बसने गेलात तर प्रत एकच आहे असं समजा. कार्ड भरलं की लाल टेप. प्रती उघडून, अधलेमधले शॉट चालवून बघितल्यावरच टेप काढायची.

१०. एडिट, आवाज, शेवटची फाइल

बजेटमधला किमान एक तृतीयांश भाग शूटिंगच्या आधीच बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका. शूटवर सगळे पैसे संपले म्हणून अर्धवट राहिलेल्या फिल्म पुण्यात घरोघरी हार्ड डिस्कवर पडून आहेत.

पहिला कट लांब होणारच. आधी सीनमध्ये शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे शॉट कापा. आमच्या सीनमध्ये मुलगा चपला काढतो, आत येतो, बसतो, हे सगळं गेलं तरी चालतं. तो समोर बसलेलाच दाखवा, करारनामा टेबलावर. मग सीनचं ते एक वाक्य काढून विचारा, बदल दिसतोय का? दिसत असेल तर त्याच्या पुढचं एकही सेकंद ठेवू नका.

चित्र लॉक झाल्याशिवाय, म्हणजे कट पक्का ठरल्याशिवाय, आवाज आणि संगीताला फाइल देऊ नका. नंतर बारा फ्रेम कापल्या की सगळे ट्रॅक सरकतात आणि साउंडवाल्याचं काम दुप्पट होतं. रेडिओवर वाजणारं जुनं भावगीत वापरायचं असेल तर दोन हक्क लागतात, गाण्याच्या शब्द-चालीचे वेगळे आणि त्या ध्वनिमुद्रणाचे वेगळे. 'दहा सेकंद फुकट' असा कुठलाही नियम नाही.

महोत्सवांना पाठवण्याआधी फिल्म यूट्यूबवर टाकू नका, बरेच महोत्सव मग ती घेत नाहीत. पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव जानेवारीच्या सुमारास असतो आणि प्रवेशिका त्याच्या काही महिने आधी बंद होतात, म्हणून शूटिंगची तारीख तिथून मागे मोजत ठरवा. थिएटरात तिकीट लावून दाखवायची असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. इंग्रजी सबटायटल दोन ओळींच्या वर नको, आणि ती मराठी न येणाऱ्या माणसाला दाखवून तपासा. तुम्हाला संवाद पाठ असतात, त्यामुळे तुमच्या डोळ्याला चूक दिसत नाही. डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी डिजिटल प्रत) बनवून घेतलीत तर पाठवण्याआधी एकदा खऱ्या थिएटरात, सकाळच्या खेळाआधी विनंती करून, पहिली दोन मिनिटं आणि एक संवादाचा सीन चालवून बघा. फ्रेमच्या कडा कापल्या जातायत का आणि संवाद मधल्या स्पीकरमधून येतायत का, एवढं तिथे लगेच कळतं.